टेरी कॅलियरची ‘व्हॉट कलर इज लव्ह’: न खपलेली एक रेकॉर्ड पन्नास वर्षं कशी टिकली

‘व्हॉट कलर इज लव्ह’ ही शिकागोच्या टेरी कॅलियरची १९७२ सालची रेकॉर्ड. कॅडेट नावाच्या कंपनीने काढलेली, सात गाण्यांची, चाळीसेक मिनिटांची. कव्हरवर गायक दिसतच नाही. विचारात गढून बसलेल्या एका विवस्त्र स्त्रीचं छायाचित्र आहे. ते जोएल ब्रॉड्स्कीने टिपलेलं. डोअर्स या अमेरिकन रॉक गटाचा गायक जिम मॉरिसन याचे उघड्या अंगाचे प्रसिद्ध फोटो काढणारा तोच हा छायाचित्रकार. रेकॉर्ड बाजारात आली, थोडीफार खपली आणि दुकानांतून दिसेनाशी झाली. गाणाऱ्याने पुढे गाणं सोडून नोकरी धरली. आज मात्र ही रेकॉर्ड वारंवार नव्याने छापली जाते. सोल संगीतावर जीव असणारा माणूस भेटला की बोलता बोलता तिचं नाव निघतंच.

आपल्याकडे जॅझ आणि सोलबद्दल बोलणं निघालं की लुई आर्मस्ट्राँग, एला फिट्झजेराल्ड, रे चार्ल्स ही नावं येतात आणि ती यायलाच हवीत. पण जॅझ कुठे संपतं, सोल कुठे सुरू होतं आणि दोन्ही एका गळ्यात एकत्र आली की काय घडतं, हे समजून घ्यायला मला कॅलियरच्या या रेकॉर्डइतकं चांगलं दुसरं काही सापडलेलं नाही. म्हणून ती जरा उलगडून सांगतो.

आधी सोल. त्याचं मूळ काळ्या अमेरिकनांच्या चर्चमध्ये आहे. तिथे गॉस्पेल गाणारा आपल्या जगण्याची साक्ष देत असतो. समोर बसलेली माणसं मधूनच हाक घालतात, टाळ्या धरतात, आणि ती हाक उचलून गाणारा आणखी वर जातो. १९५०च्या दशकात रे चार्ल्स, सॅम कुक यांच्यासारख्या गायकांनी देवाच्या जागी प्रेमाचं माणूस आणलं आणि गाण्यातली धग तशीच ठेवली. त्यातून जे उभं राहिलं ते सोल. सोल ऐकताना आपल्याला प्रश्न पडतो तो एवढाच की हा माणूस मनापासून गातोय की नाही.

जॅझचा प्रश्न वेगळा. तिथे काळाशी खेळ चालतो. जॅझ गाणारा शब्द बरोब्बर मात्रेवर टाकत नाही. तो किंचित मागे रेंगाळतो, कधी थोडा आधीच निघतो, आणि आता हा चुकणार असं वाटेपर्यंत निवांतपणे येऊन मिळतो. शिवाय पियानो किंवा गिटारवर एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छात, म्हणजे कॉर्डमध्ये, जॅझवाले एखाद-दोन जास्तीचे स्वर मिसळतात. साधी कॉर्ड ऐकली की आनंद आहे की दुःख हे कान लगेच ठरवून टाकतो. हे जास्तीचे स्वर आले की ते ठरवणं लांबतं. मन दोन्हींच्या मध्ये लोंबकळत राहतं.

कॅलियरच्या बाबतीत यात तिसरी एक गोष्ट मिसळलेली आहे, ती फोक. एकट्याने गिटार घेऊन बसायचं आणि गोष्ट सांगायची. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आसपास कॉफीहाउसं होती, तिथे हे गाणं चाले. ऐकणारे गप्प बसून शब्द ऐकत. नाचायला कुणी येत नसे. फोक गाणाऱ्याला त्यामुळे धीर धरायची सवय लागते. पहिल्या वीस सेकंदांत पकड घेतली नाही तरी चालतं, समोरचे उठून जात नाहीत.

धग, काळाशी खेळ आणि धीर या तिन्ही गोष्टी एका माणसाकडे कशा आल्या, हे त्याच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं.

कॅलियरचा जन्म २४ मे १९४५चा. शिकागोच्या उत्तर भागात कॅब्रिनी-ग्रीन नावाची सरकारी घरांची वस्ती होती, तिथे तो वाढला. दक्षिणेकडच्या राज्यांतून काम शोधत आणि तिथल्या छळातून सुटका शोधत लाखो काळी माणसं शिकागोत आली होती, त्यांच्या पुढच्या पिढीची ही वस्ती. त्याच्या लहानपणच्या सवंगड्यांत कर्टिस मेफील्ड, जेरी बटलर आणि मेजर लान्स होते. तिघेही पुढे सोल संगीतात मोठे झाले. कोपऱ्यावर उभं राहून चार-पाच पोरांनी आवाजांची जुळणी करत गायचं, हे तिथल्या मुलांचं रोजचंच. कॅलियर पियानो शिकला होता आणि तोही अशा गटांत गायचा. १९६२ साली, सतरा वर्षांचा असताना, त्याने शिकागोतल्या चेस या रेकॉर्ड कंपनीसाठी पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. कंपनीला त्याला दौऱ्यावर पाठवायचं होतं. आईने साफ नकार दिला. आधी शिक्षण.

आईच्या त्या नकाराने गाण्याची दिशा बदलली असं मला वाटतं. दौऱ्यावर गेला असता तर तो शिकागोतल्या कितीतरी तरुण सोल गायकांपैकी एक झाला असता. त्याऐवजी तो इलिनॉय विद्यापीठात गेला, गिटार उचलली आणि कॉफीहाउसांत गाऊ लागला.

मग १९६४ साली त्याने शिकागोतल्या मॅकीज या क्लबात जॉन कोल्ट्रेन आणि त्याच्या साथीदारांना ऐकलं. कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन तेव्हा ऐन भरात होता. एकेक रचना अर्धा-अर्धा तास चाले, आणि वाजवणारा शरीरातली सगळी ताकद पणाला लावून वाजवी. कॅलियरने पुढे अनेकदा सांगितलं की ते ऐकून तो हादरला. संगीत करायचं तर इतक्या निष्ठेने करायला हवं, आणि आपण अजून त्या जागी नाही, असं वाटून त्याने काही काळ गाणंच थांबवलं. याच सुमारास प्रेस्टीज कंपनीसाठी त्याने पहिली पूर्ण रेकॉर्ड केली होती. त्यात गिटार आणि आवाज यांच्या साथीला दोन बास आहेत, दोन माणसं दोन वेगळे डबल बास, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण माणसाएवढं मोठं, खर्जातलं वाद्य वाजवताहेत. फोक गाण्यांना अशी साथ कुणी देत नसे. ती कल्पना सरळ कोल्ट्रेनकडून आलेली, कारण कोल्ट्रेनने आपल्या वाद्यवृंदात दोन बास वापरून पाहिले होते. निर्माता सॅम्युअल चार्टर्स ध्वनिफिती घेऊन मेक्सिकोला निघून गेला आणि ही रेकॉर्ड बाजारात यायला काही वर्षं लागली. तोवर फोकची ती लाट ओसरली होती.

१९७०च्या सुमारास जुना मित्र जेरी बटलर मदतीला आला. त्याने शिकागोत गीतकारांची एक कार्यशाळा सुरू केली होती. कॅलियर तिथे जाऊ लागला आणि लॅरी वेडबरोबर गाणी लिहू लागला. त्या दोघांचं एक गाणं ‘द डेल्स’ या गटाने गायलं, ते चाललं, आणि त्या जोरावर चेसच्याच कॅडेट या शाखेने कॅलियरला स्वतःची रेकॉर्ड करायला बोलावलं. तिथे त्याची गाठ चार्ल्स स्टेप्नीशी पडली.

स्टेप्नी या रेकॉर्डचा निर्माता आणि अरेंजर. अरेंजर काय करतो हे आपल्या वाचकाला समजावणं सोपं आहे. हिंदी चित्रपटसंगीतात चाल संगीतकार बांधायचा, पण व्हायोलिनचा ताफा कुठे उठेल, बासरी कुठे डोकावेल, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत काय वाजेल हे कागदावर उतरवण्याचं काम अरेंजर करायचा. शंकर-जयकिशनकडे ते गोव्याच्या सेबॅस्टियन डिसूझांनी वर्षानुवर्षं केलं. गाणं आठवताना आपण अनेकदा तो मधला तुकडाच गुणगुणतो. स्टेप्नीचं काम त्याच जातीचं.

स्टेप्नी मुळात जॅझचा माणूस, पियानो आणि व्हायब्राफोन वाजवणारा. व्हायब्राफोन म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य. चेसमध्ये त्याने रोटरी कनेक्शन हा गट घडवला, त्यातली तरुण गायिका मिनी रिपरटन हिची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड केली, पुढे ‘अर्थ, विंड अँड फायर’ या गटाबरोबर काम केलं. १९७६ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो हृदयविकाराने गेला. मला तो त्या काळातल्या सर्वांत मोठ्या अरेंजरांपैकी एक वाटतो. व्हायोलिनांकडून गोड पार्श्वभूमी करून घेणं कुणालाही जमतं. स्टेप्नीची व्हायोलिनं धोका सांगतात. ती गायकाच्या मागे उभी न राहता त्याच्या बाजूने चालतात, मधूनच पुढे जातात, आणि त्यांच्यातले आडवेतिडवे स्वर गाण्याखालची जमीन हलती ठेवतात.

आता पहिलं गाणं, ‘डान्सिंग गर्ल’. हे नऊ मिनिटांचं आहे आणि त्यावर रेंगाळायलाच हवं.

सुरुवातीला गिटारच्या तारा सावकाश छेडल्या जातात. कॅलियर एका स्वप्नाबद्दल सांगू लागतो. आवाज मध्यम-खर्जातला, उबदार, जरासा खरखरीत. तो मायक्रोफोनच्या इतका जवळ आहे की श्वास ऐकू येतो. इथे फोकचा धीर आहे. पुढे काय होणार याची तो घाई करत नाही. मग व्हायोलिनं येतात, पण आली हे कळतच नाही, एखाद्या क्षणी लक्षात येतं की ती बराच वेळ वाजताहेत. बास आणि ड्रम येतात तेव्हा गाण्याची चाल पालटते आणि स्वप्न रस्त्यावर उतरतं. शब्दांत शहर येतं, काळ्यांची गरीब वस्ती येते, नाचणारी मुलगी येते. कॅलियर आता जॅझवाल्यासारखा शब्द मागेपुढे सरकवू लागतो. एखादी ओळ संपवतच नाही, शेवटचा स्वर लांबवत पुढच्या ओळीत ओततो.

आणि मग चढ सुरू होतो. वाद्यं एकेक करून भरत जातात, आवाज वर चढतो, शब्द तुटायला लागतात. शेवटाकडे अर्थाचे शब्द जवळजवळ संपतात आणि नुसता आवाज उरतो, चर्चमधल्या त्या हाकेसारखा. हा सोल. पण तो पहिल्या मिनिटापासून असता तर इतका भिडला नसता. सहा-सात मिनिटं ज्याने आवाज न चढवता आपल्याशी बोलणं केलं, तो माणूस आता ओरडतोय, म्हणून ते ओरडणं अंगावर येतं. कोल्ट्रेनच्या लांबलचक रचनांतून कॅलियर हेच शिकला असावा: चढाला लांबी लागते, आणि ती लांबी आधीच्या शांततेतून कमवावी लागते.

नऊ मिनिटं ऐकल्यावर कुणी विचारलं की हे जॅझ, सोल की फोक, तर उत्तर देता येत नाही. गाण्याच्या वेगवेगळ्या मिनिटांना वेगवेगळी उत्तरं आहेत.

शीर्षकगीत त्या मानाने छोटं आणि वरवर अगदी सौम्य. प्रेमाचा रंग कोणता, असं विचारणारं. १९७२च्या अमेरिकेत काळ्या माणसाने रंगाबद्दल प्रश्न विचारला की तो नुसता प्रेमाबद्दल राहत नाही. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नांवर बंदी घालणारे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते १९६७ साली, म्हणजे अवघ्या पाच वर्षांपूर्वी. कॅलियर ते उघड बोलत नाही. तो हळुवार चालीत प्रश्न ठेवतो आणि उत्तर देत नाही. मला त्याची ही रीत घोषणेपेक्षा जास्त धारदार वाटते. ऐकणारा आधी चालीच्या प्रेमात पडतो, आणि प्रश्न त्याच्या मनात नंतर, गाणं संपल्यावर, उगवतो.

तिसरं गाणं ‘यू गोइन मिस युवर कँडीमॅन’. सात मिनिटांचं, आणि स्वभावाने पहिल्याच्या अगदी उलट. इथे चढ नाही, इथे पकड आहे. बासचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो आणि बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. याला ग्रूव्ह म्हणतात. ग्रूव्हची गंमत अशी की तो तुकडा बदलत नाही, तरी प्रत्येक फेरीला वेगळा ऐकू येतो, कारण आजूबाजूला काहीतरी आलेलं किंवा गेलेलं असतं. कधी हाताने वाजवायची तालवाद्यं पुढे येतात, कधी ब्रासची, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं एक फटकारा मारून मागे सरतात. निघून जाणारा माणूस मागे राहणारीला सांगतोय की माझी आठवण येईल, आणि त्या बासमुळे कळतं की त्याची पावलं चालू लागलीसुद्धा आहेत. हे गाणं नाचायला लावतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, रेकॉर्डच्या पुढच्या नशिबात त्याचा हात आहे.

उरलेल्या चार गाण्यांत ‘हो त्सिंग मी’ हे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातलं, संतापलेलं आणि दुःखी. ‘आय’ड रादर बी विथ यू’ हे नातं तुटल्यावरचं शिकागो-सोलचं प्रेमगीत, या रेकॉर्डमधलं सर्वांत सहज आवडणारं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी ते आधी ऐकवीन. शेवटचं ‘यू डोन्ट केअर’ मला थोडं कमी भावतं. त्यात स्टेप्नीच्या वाद्यवृंदाचं राज्य आहे आणि कॅलियर पाहुण्यासारखा वाटतो.

मग हे खपलं का नाही?

नेहमीचं उत्तर असं दिलं जातं की ही रेकॉर्ड कुठल्याच खणात बसत नव्हती. त्यात तथ्य आहे. तेव्हा अमेरिकेतली रेडिओ केंद्रं प्रकारांनुसार वाटलेली होती. काळ्या श्रोत्यांसाठीची केंद्रं मुख्यतः तीन मिनिटांची, नाचता येण्याजोगी गाणी लावत. एफएमवरची नवी केंद्रं लांब गाणी आनंदाने वाजवत, पण ती बहुतेक गोऱ्या रॉक गटांची. दुकानातही तेच. रेकॉर्ड सोलच्या खणात ठेवायची, जॅझच्या की फोकच्या? ज्या खणात ठेवाल तिथल्या गिऱ्हाइकाला ती परकी वाटणार.

पण एवढ्याने भागत नाही. आयझॅक हेजने १९६९ साली बारा आणि अठरा मिनिटांच्या गाण्यांची सोल रेकॉर्ड काढली आणि ती भरपूर खपली. बिल विदर्स १९७१ साली गिटार घेऊन आला आणि देशभर गाजला. म्हणजे लांबी आडवी आली नसती, गिटारही आडवी आली नसती. खरी अडचण कंपनीत होती असं माझं मत आहे. चेस ही दोन भावांनी उभी केलेली कंपनी. मडी वॉटर्स, चक बेरी, एटा जेम्स असे लोक तिथे घडले. १९६९ साली ती जीआरटी या टेप बनवणाऱ्या कंपनीला विकली गेली आणि त्याच वर्षी थोरला भाऊ लिओनार्ड चेस वारला. शहरातल्या प्रत्येक रेडिओ केंद्रावर ज्यांचा राबता होता ती माणसं पांगली. एखादं अवघड गाणं वाजवून घ्यायला केंद्रावर जाऊन भांडणारं कुणीतरी लागतं. हेजला, विदर्सला ते मिळालं. कॅलियरची रेकॉर्ड निघाली तेव्हा कॅडेट उतरणीला लागलं होतं. पुढची रेकॉर्डही तशीच गेली, आणि १९७५ साली कंपनी पुन्हा विकली गेली.

त्यानंतर इलेक्ट्रा कंपनीने त्याच्या दोन रेकॉर्ड काढल्या, १९७८ आणि १९७९ साली. त्यांचंही फार काही झालं नाही. १९८३च्या सुमारास त्याची मुलगी त्याच्याकडे राहायला आली. गाणाऱ्याच्या अनिश्चित कमाईवर तिला वाढवणं त्याला पटेना. त्याने संगणकाचं शिक्षण घेतलं आणि शिकागो विद्यापीठाच्या नॅशनल ओपिनियन रिसर्च सेंटर या संस्थेत प्रोग्रॅमर म्हणून लागला. समाजाची पाहणी करून आकडेवारी जमवणारी ही संस्था. नोकरी सांभाळत त्याने समाजशास्त्राची पदवीही घेतली. कार्यालयात तो गाणारा आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. ही हकिगत सांगताना अनेकजण हळहळतात. कॅलियर स्वतः त्या वर्षांबद्दल कडवटपणे बोलत नसे. मुलीसाठी घेतलेला निर्णय होता आणि तो त्याला योग्यच वाटत राहिला.

इकडे इंग्लंडमध्ये वेगळंच काही चाललं होतं. तिथल्या क्लबांत जुन्या, विस्मृतीत गेलेल्या अमेरिकन सोल रेकॉर्डवर नाचण्याची परंपरा १९६०च्या दशकाअखेरीपासूनची. उत्तरेकडच्या औद्योगिक गावांतून ती सुरू झाली आणि १९८०च्या दशकात लंडनला ‘रेअर ग्रूव्ह’ या नावाने तिला नवा बहर आला. या जगात डीजेची किंमत ठरते ती इतरांकडे नसलेल्या रेकॉर्डवर. त्यामुळे डीजे मंडळी अमेरिकेतल्या जुन्या मालाच्या दुकानांत, गोदामांत रेकॉर्ड उपसत फिरायची. जी रेकॉर्ड तेव्हा खपली नाही, ती इथे दुर्मिळ म्हणून मोलाची ठरते. अर्थात नुसती दुर्मिळ असून चालत नाही, रात्री बारा वाजता लोकांना नाचवता आलं पाहिजे. कॅलियरकडे ‘कँडीमॅन’ होतं, आधीच्या रेकॉर्डवरचं ‘ऑर्डिनरी जो’ होतं. लोक नाचायला म्हणून आले, मग घरी जाऊन त्यांनी पूर्ण रेकॉर्ड ऐकली, आणि ‘डान्सिंग गर्ल’पाशी थबकले.

एडी पिलर या लंडनच्या माणसाने, जो अॅसिड जॅझ कंपनीचा एक संस्थापक, शिकागोत कॅलियरचा माग काढला. त्याचं १९८०च्या दशकातलं एक गाणं नव्याने काढलं आणि त्याला लंडनला गायला बोलावलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या हंड्रेड क्लबमध्ये कॅलियर उभा राहिला तेव्हा समोर त्याच्या निम्म्या वयाची पोरं होती आणि त्यांना त्याची गाणी पाठ होती. त्यानंतर तो नोकरीतली रजा टाकून इंग्लंडला येई, गाई आणि परत कामावर रुजू होई.

इथे पैशांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण अशा कहाण्यांत ती राहून जाते. जुनी रेकॉर्ड हातोहात कितीही महाग विकली गेली तरी गायकाला त्यातलं काहीच मिळत नाही. पैसा मिळतो तो अधिकृतपणे पुन्हा छापल्यावर, आणि तोही जुन्या कराराप्रमाणे. गाणं लिहिणाऱ्याचा हक्क मात्र वेगळा असतो. कुणी त्या गाण्याचा तुकडा घेऊन नवं गाणं केलं, म्हणजे सॅम्पल वापरलं, तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी लागते आणि गीतकार-संगीतकाराचाही वाटा ठरतो. कॅलियर आपली गाणी स्वतः लिहायचा, ही त्याच्या बाबतीत मोठी जमेची बाजू. अर्बन स्पीशीज या लंडनच्या गटाने ‘कँडीमॅन’चा बास उचलून १९९०च्या दशकात नवं गाणं केलं. चार-पाच सेकंदांचा तो तुकडा कापून पुन्हा पुन्हा वाजवावा असाच आहे, आणि त्यामुळे कॅलियरचं नाव कधीच न ऐकलेल्या हिपहॉपच्या श्रोत्यांपर्यंत त्याचं संगीत पोचलं.

१९९७ साली बेथ ऑर्टन या इंग्लिश गायिकेने त्याच्याबरोबर द्वंद्वगीत केलं. १९९८ साली त्याची ‘टाइमपीस’ ही नवी रेकॉर्ड आली, जवळजवळ वीस वर्षांनंतरची पहिली. तिला संयुक्त राष्ट्रांशी संबंधित शांततेचा पुरस्कार मिळाला. बातमी कार्यालयात पोचली आणि त्याची नोकरी गेली. त्यानंतर तो पूर्णवेळ गायला. २००६ साली मॅसिव्ह अटॅक या ब्रिस्टलच्या गटासाठी त्याने गायलेलं ‘लिव्ह विथ मी’ आज कदाचित त्याचं सर्वाधिक ऐकलं गेलेलं गाणं असेल. त्यात तो साठीचा आहे. आवाजाची खरखर वाढली आहे, पण बोलल्यासारखं सुरू करून हळूहळू ताण चढवत नेण्याची रीत तीच, १९७२ची. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, तो शिकागोत वारला.

रेकॉर्ड टिकली ती या कहाणीमुळे, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. कहाणीमुळे माणूस एकदा ऐकेल. दुसऱ्यांदा ऐकायला लावतं ते संगीत. त्या काळातल्या कितीतरी सोल रेकॉर्डवर काळाचा शिक्का ठसठशीत दिसतो, एखादं वाद्य किंवा एखादी ठेक्याची पद्धत ऐकताच वर्ष सांगता येतं. इथे गाभ्याशी आहे ते लाकडी गिटार, बास, व्हायोलिनं आणि माणसाचा आवाज. या गोष्टी जुन्या दिसत नाहीत. शिवाय या रेकॉर्डमध्ये एक ताण कायम आहे: गाणारा शांत, सभ्य, जवळ बसून बोलणारा, आणि त्याच्याभोवती स्टेप्नीचा प्रचंड, अस्वस्थ वाद्यवृंद. बहुतेक निर्मात्यांनी अशा गायकाला एका गिटारवर गायला लावलं असतं, किंवा वाद्यवृंदाला पुरून उरेल असा दणकट गळा शोधला असता. स्टेप्नीने सौम्य माणूस वादळात उभा केला. तो टिकतो की वाहून जातो हे ऐकण्यासाठी मी दर वेळी पुन्हा सुई ठेवतो.

ऐकायचं असेल तर ‘डान्सिंग गर्ल’ पूर्ण ऐका, मध्ये थांबवू नका, आणि फोनच्या स्पीकरवर तर नकोच. बासचे खालचे स्वर त्यात येत नाहीत आणि ‘कँडीमॅन’ निम्मं हरवतं. ही रेकॉर्ड आवडली तर तिच्या आधीची ‘ऑकेजनल रेन’ घ्या, तीही स्टेप्नीचीच. मग स्टेप्नीने मिनी रिपरटनसाठी १९७० साली केलेली ‘कम टू माय गार्डन’ ऐका, म्हणजे त्या व्हायोलिनांची ओळख पक्की होईल. दोन बासवाली ती पहिली रेकॉर्ड शेवटी ठेवा. ती फार सुनी आहे, आणि ‘डान्सिंग गर्ल’चा चढ कानात मुरल्यावर ती जास्त कळते.